प्रकरण कुणाचं, तिकीट कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर बाहेर गप्पा चालल्या होत्या. त्यात एकीने विचारलं, "ताई, एवढं सगळं पेपरात येतं, टीव्हीवर येतं, तरी ही माणसं निवडून कशी येतात? बायकासुद्धा त्यांना मतं देतात. मग आपण ओरडायचं कशासाठी?" मी काल उत्तर दिलं नाही. झोप आली होती हे एक, आणि उत्तर तयार नव्हतं हे दुसरं. आज मला विषय दिलाय 'राजकारण आणि नैतिकता'. तो विषय फार मोठा आहे, आणि नैतिकता म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या शब्दाचा दांडका शेवटी आपल्याच पाठीवर पडतो. म्हणून मी कालच्या प्रश्नावरच बोलते. प्रकरण बाहेर आलं की उमेदवाराचं नेमकं काय होतं? वरची खुर्ची त्याला मिळते की नाही? आणि त्या प्रकरणातल्या बाईचं काय होतं?

आधी शब्द बघू. आपल्याकडे पैशाचं असेल तर 'घोटाळा' म्हणतात. बाईचा संबंध आला की 'प्रकरण', 'भानगड', 'लफडं'. आता गंमत बघा, दोघांच्या राजीखुशीचे संबंध असले तरी ते लफडंच, आणि घरकामाला येणाऱ्या बाईवर मालकाने जबरदस्ती केली तरी तेही लफडंच. एकाच पोत्यात दोन्ही भरायचं. मग पुढारी म्हणतो, 'हा माझा खासगी मामला आहे.' मतदारही म्हणतो, 'जाऊ द्या, पुरुषाची जात, रस्ता तर केला ना त्याने.' जबरदस्ती आणि संबंध यांतला फरक आपण पहिल्या वाक्यात सांगितला नाही, तर पुढची सगळी चर्चा त्याच्या चारित्र्याची होते. गुन्ह्याची होतच नाही.

पैशाच्या घोटाळ्याचं लवकर सांगून टाकते. आपल्या राज्यात बॅरिस्टर अंतुले यांना सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून १९८६ साली. दोघेही नंतर निवडून आले. अंतुले तर दिल्लीत दोन वेळा मंत्री झाले. पण दोघांपैकी कुणीही पुन्हा मुख्यमंत्री झालं नाही. म्हणजे घरच्या मतदारसंघाने सांभाळून घेतलं, वरच्या खुर्चीने घेतलं नाही. हा नमुना लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत एडवर्ड केनेडी नावाचे सिनेटर होते. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष असताना मारला गेला, दुसरा त्या पदासाठी उभा असताना. आता हाच, असं सगळे धरून चालले होते. १८ जुलै १९६९ च्या रात्री चॅपाक्विडिक नावाच्या छोट्या बेटावर एक मेजवानी झाली. तिथून परतताना केनेडींची गाडी लाकडी पुलावरून पाण्यात पडली. केनेडी बाहेर आले. बरोबरची बाई आत राहिली. त्यांनी पोलिसांना कळवलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमारे दहा तासांनी. अपघाताच्या जागेवरून निघून गेल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि दोन महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. एक दिवससुद्धा तुरुंगात जावं लागलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, त्यांच्या राज्याने त्यांना साठ टक्क्यांहून जास्त मतांनी परत सिनेटवर पाठवलं. ते २००९ साली वारले तेव्हाही सिनेटर होते. पण राष्ट्राध्यक्षपद? १९७२ ला उभे राहिले नाहीत, १९७६ ला नाहीत. १९८० ला स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, जिमी कार्टर यांच्याविरुद्ध, पक्षाची उमेदवारी मागितली आणि हरले. त्याला इतर कारणंही होती. पण त्या पुलाचा प्रश्न प्रत्येक सभेत त्यांच्या मागे होता.

झालं, तर सगळी पुस्तकं म्हणतात, 'चॅपाक्विडिकने केनेडींचं राष्ट्राध्यक्षपद गेलं.' मी तुम्हाला विचारते, त्या बाईचं काय गेलं? तिचं नाव मेरी जो कोपेकनी. वय २८. आधी शिक्षिका होती. नंतर केनेडींच्या भावाच्या कार्यालयात आणि १९६८ च्या प्रचारात काम केलं. म्हणजे आपल्यासारखीच राजकीय कार्यकर्ती. रात्र रात्र बसून प्रतिनिधींच्या याद्या ठेवणाऱ्या ज्या मुली असतात ना, त्यातली. तिच्या मरणाला बेटाचं नाव मिळालं आणि नुकसान त्याच्या खात्यावर मांडलं गेलं. आजही 'तो राष्ट्राध्यक्ष झाला असता' अशी हळहळ ऐकू येते. ती काय झाली असती हे कुणी विचारत नाही.

ही गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुढेच आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात क्लॅरेन्स थॉमस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. अनिता हिल नावाच्या कायद्याच्या प्राध्यापिकेने सांगितलं की या माणसाच्या हाताखाली काम करताना त्याने माझा लैंगिक छळ केला. थॉमस यांनी सगळं नाकारलं. तिची उलटतपासणी करणाऱ्या समितीत १४ सिनेटर, चौदाच्या चौदा पुरुष, सगळे गोरे. समोर एकटी काळी बाई. आणि त्या समितीत केनेडी होते. स्त्रियांच्या समान हक्कांच्या बाजूने कायम मत देणारे. सगळ्यांना वाटलं, हे बोलतील. ते जवळजवळ गप्प बसले. त्याच वर्षी त्यांच्या पुतण्यावर... नाही, भाच्यावर बलात्काराचा आरोप झाला होता आणि त्या रात्री केनेडी स्वतः त्याच्याबरोबर बारमध्ये गेले होते. भाचा नंतर निर्दोष सुटला. पण ऑक्टोबरात केनेडींनी तोंड उघडलं असतं तर समोरच्यांनी त्यांचंच सगळं काढलं असतं. थॉमस ५२ विरुद्ध ४८ मतांनी न्यायमूर्ती झाले. म्हणजे १९६९ च्या प्रकरणाची किंमत १९९१ मध्ये अनिता हिलने भरली. आपल्या बाजूचा म्हणवणाऱ्या पुरुषाचं प्रकरण आपण 'तो चांगला माणूस आहे, कायदे चांगले करतो' म्हणून पोटात घालतो, तेव्हा ते असं वीस वर्षांनी दुसऱ्याच बाईच्या अंगावर निघतं.

बॉब पॅकवुड यांचं उदाहरण तर याहून जवळचं. ऑरेगन राज्याचे सिनेटर, गर्भपाताच्या हक्काचे खंदे समर्थक, स्त्री-संघटनांचा त्यांना पाठिंबा असायचा. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते परत निवडून आले. मतदान झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत वॉशिंग्टन पोस्टने दहा स्त्रियांच्या तक्रारी छापल्या. निवडणुकीआधी वार्ताहर विचारायला गेले होते तेव्हा पॅकवुड यांनी साफ नाकारलं होतं. शेवटी १९९५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण मतदाराला मत देताना कळायला हवं होतं ते मत दिल्यावर कळलं.

आता कालचा प्रश्न. प्रकरण कधी बोचतं आणि कधी बोचत नाही? डोनाल्ड ट्रम्प यांची ती ध्वनिचित्रफीत ७ ऑक्टोबर २०१६ ला बाहेर आली. बायकांना वाटेल तिथे हात लावता येतो अशी फुशारकी ते स्वतःच्या तोंडाने मारत होते. महिन्याभरात ते राष्ट्राध्यक्ष झाले. २०२३ च्या मे मध्ये एका दिवाणी दाव्यात ज्यूरीने त्यांना ई. जीन कॅरोल या लेखिकेवरील लैंगिक अत्याचार आणि बदनामीबद्दल जबाबदार धरलं, ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. ते अजूनही नाकारतात. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. मग केनेडींच्या वेळची माणसं जास्त नीतिमान होती का? मला नाही वाटत.

मला फरक दिसतो तो असा. केनेडी हरले ते पक्षातल्या निवडणुकीत. तिथे मतदाराला आपला पक्ष न सोडता दुसरा माणूस निवडता येत होता. कॅरोल मोझ्ली ब्राउन या काळ्या स्त्रीने १९९२ च्या मार्चमध्ये इलिनॉय राज्यात ॲलन डिक्सन या सिनेटरला हरवलं, कारण त्याने थॉमसच्या बाजूने मत दिलं होतं याचा राग बायकांच्या मनात होता. तीही पक्षांतर्गत निवडणूकच. पुढे त्या सिनेटवर गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. पण एकदा उमेदवारी पक्की झाली, समोर 'ते' आणि इकडे 'आपण' अशी फळी पडली, की लोक म्हणतात, 'असेल वाईट, पण आपला आहे.' आपल्या गावात काय वेगळं आहे? जात आपली, चिन्ह आपलं, आणि पलीकडचा आला तर पाण्याची योजना त्यांच्या वाडीला जाणार.

म्हणून मला वाटतं, बायका त्याला मत देतात तेव्हा त्यांना लाज नसते, कळत नसतं, असं म्हणणं सोडून द्या. त्यांना मत बदलण्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

याची परीक्षा घ्यायची तर कर्नाटकातलं हासन बघू. आपल्या शेजारचं, आणि अजून ओलं आहे. प्रज्वल रेवण्णा, माजी पंतप्रधान देवेगौडा यांचा नातू, २०१९ साली तिथून खासदार झाला. जून २०२३ मध्ये त्याने बंगळूरच्या न्यायालयातून प्रसारमाध्यमांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला की माझ्याविषयी काही छापू-दाखवू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची २०१९ ची निवडणूकच रद्द ठरवली, शपथपत्रात मालमत्ता लपवली म्हणून. त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डिसेंबर २०२३ मध्ये भाजपच्याच एका स्थानिक नेत्याने प्रदेशाध्यक्षांना पत्र लिहिलं की अशा चित्रफिती आहेत, या पक्षाशी युतीत ही जागा सोडू नका. प्रदेशाध्यक्षांनी पुढे सांगितलं, असं पत्र मला मिळालंच नाही. बरं. पत्र मिळालं असेल नसेल, पण मनाई हुकूम तर जगजाहीर होता. घरच्यांना, पक्षाला, मित्रपक्षाला प्रश्न विचारायला दहा महिने होते. तिकीट मिळालं.

मग २६ एप्रिल २०२४ ला मतदान, आणि त्याच्या चार-पाच दिवस आधी हासन जिल्ह्यात पेनड्राइव्ह वाटले गेले. बसस्टँडवर, बागेत, रस्त्यावर सापडले असं बातम्यांत आलं. हजारो चित्रफिती. आणि त्यातल्या बायकांचे चेहरे झाकलेले नव्हते.

इथे मी थांबते. कारण चर्चा लगेच पुढे जाते, तो पळाला कसा, जर्मनीला गेला कसा, कोण कुणाचा माणूस. ज्यांनी पेनड्राइव्ह वाटले त्यांना त्या बायकांसाठी न्याय हवा असता तर ते पोलिसात गेले असते, महिला आयोगाकडे गेले असते. त्यांना मतं फिरवायची होती. बायकांचे चेहरे ही त्यांची प्रचारपत्रकं होती. घरकाम करणाऱ्या, पक्षाच्या कामाला आलेल्या, साहेबांकडे बदलीचा किंवा शिफारशीचा कागद घेऊन गेलेल्या बायका. गावागावात मोबाइलवरून त्या फिती फिरल्या. काही जणी घरदार सोडून निघून गेल्या. विशेष तपास पथकाला जाहीर करावं लागलं की फिती जवळ बाळगणं, पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे. एका पुरुषाने त्यांच्यावर अत्याचार केला आणि त्याच्या विरोधकांनी तो चौकाचौकात नेला. दोन्हीकडे विचारलं कुणी नाही.

निकाल काय लागला? प्रज्वल ४२ हजारांवर मतांनी हरला. त्या घराण्याचा बालेकिल्ला, आधीच्या वेळी तिथे लाखाहून अधिक मताधिक्य. मग प्रकरणाने काम केलं म्हणायचं ना? थोडं केलं. पण समोरचा उमेदवार बघा. श्रेयस पटेल, काँग्रेसचा, त्याच वक्कलिग समाजाचा, आणि ज्या पुट्टस्वामी गौडांनी १९९९ साली देवेगौडांना त्याच हासनमध्ये हरवलं होतं त्यांचाच नातू. म्हणजे मतदाराला जात न सोडता माणूस बदलता येत होता. मी मघाशी म्हटलं ती जागा तिथे होती.

आणि त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशात कैसरगंज. कुस्तीगीर मुलींनी २०२३ साली जंतरमंतरवर बसून बृजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. देशासाठी पदकं आणलेल्या मुलींना पोलिसांनी रस्त्यावरून ओढत नेलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. बृजभूषण आरोप नाकारतात. मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित करण्याचा आदेश दिला. पक्षाने त्यांचं तिकीट कापलं, आणि त्यांच्या धाकट्या मुलाला दिलं. मुलगा जवळजवळ दीड लाखाच्या फरकाने निवडून आला. गुलाल कुठल्या वाड्यात उधळला गेला असेल ते सांगायला नको. असं तिकीट कापण्याला मी तरी शिक्षा म्हणणार नाही.

हासनमध्ये पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही रात्री झोपणार नाही. मतदानानंतर राज्य महिला आयोगाच्या पत्रावरून तपास पथक नेमलं गेलं. ३० मे २०२४ ला कर्नाटकातल्या संघटनांनी 'हासन चलो' म्हणून मोठा मोर्चा काढला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर उतरताच त्याला अटक झाली. १ ऑगस्ट २०२५ ला खास न्यायालयाने एका घरकामगार बाईवरील बलात्काराबद्दल त्याला दोषी ठरवलं, दुसऱ्या दिवशी जन्मठेप दिली. त्याने अपील केलं आहे. पण एका घरकामगार बाईने न्यायालयात उभं राहून साक्ष दिली आणि ती टिकली. मतपेटीने त्याची खुर्ची काढली, तुरुंगात मात्र त्या बाईने पाठवलं. माझ्या लेखी हे दुसरं मोठं आहे.

आता आकडे, थोडेच. शपथपत्रात गुन्हा नोंदवायची सक्ती आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे. त्या शपथपत्रांवरून एडीआर ही संस्था मोजदाद करते. गुन्हे जाहीर केलेले खासदार २००९ ला ३० टक्के, २०१४ ला ३४, २०१९ ला ४३ आणि २०२४ ला ४६ टक्के. ५४३ पैकी २५१. आणखी एक आकडा पेपरवाले मोठ्या अक्षरात छापतात, की गुन्हे असलेल्या उमेदवाराची जिंकण्याची शक्यता १५.३ टक्के आणि स्वच्छ उमेदवाराची ४.४. हा वाचून हबकू नका. स्वच्छ उमेदवारांत अनामत गमावणारे शेकडो अपक्ष असतात, त्यांना धरून ते गणित आहे. लोकांना गुंड आवडतात असा त्याचा अर्थ नाही. मोठे पक्ष तिकीट देतात कुणाला, याचा तो अर्थ आहे.

आपल्याकडे पक्षात निवडणूक नसते. तिकीट एका बंद खोलीत ठरतं. त्या खोलीच्या दारावर एक कागद मात्र लावता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हे असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षाने ४८ तासांच्या आत जाहीर करायचं, त्याच्यावर कोणते खटले आहेत आणि ते नसलेला दुसरा माणूस का मिळाला नाही. आणि निवडून यायची ताकद एवढंच कारण चालणार नाही. एका स्थानिक आणि एका राष्ट्रीय वर्तमानपत्रात छापायचं, समाजमाध्यमांवरही टाकायचं. किती जणींनी हे वाचलंय? हात वर करा. ...तीन. मीही २०२४ पर्यंत वाचलं नव्हतं. ते अशा बारीक टायपात येतं की निविदा सूचना वाटते.

आता माझ्या तालुक्याचं सांगते आणि संपवते. नावं सांगणार नाही, आणि तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका.

२०१७ साली आमच्या केंद्रात एक अंगणवाडी मदतनीस आली. जिल्हा परिषदेच्या एका सदस्याने कामाच्या निमित्ताने बोलावून तिच्या अंगावर हात टाकला होता. ठाण्यात आधी अदखलपात्र म्हणून कागद हातात दिला. आम्ही नऊ जणी दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसलो तेव्हा कलम ३५४ लागलं. २०१९ ला तोच सदस्य आमदारकीला उभा राहिला.

अर्ज भरल्याच्या चौथ्या दिवशी विरोधी उमेदवाराची माणसं गाडी घेऊन केंद्रावर आली. पेढ्यांचा पुडा, वाकून नमस्कार. "ताई, तुमचीच लढाई आहे ही. तिला फक्त पाच मिनिटं व्यासपीठावर आणा. साडी-बिडी आम्ही बघतो." साडी-बिडी! मला खोटं बोलता येत नाही, माझ्या मनात एक क्षण आलं की आणावं. दोन वर्षं आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतो, आणि हा माणूस आमदार होऊन आम्हालाच सत्काराला बोलावणार. माझ्या एका सहकारीचं ठाम मत होतं की आणावंच, बाईने गप्प का बसायचं? आमचं जोरात भांडण झालं. शेवटी तिला विचारलं. आधी तिलाच विचारायला हवं होतं, हे मला आज इथे कबूल करायचं आहे.

ती म्हणाली, "सभा संपल्यावर मला घरी कोण सोडनार? आन निकालानंतर? तवा ही गाडी येनार का?"

मग तिनेच सांगितलं, माझं नाव नको, माझा फोटो नको, पण त्याने जे लिहून दिलंय ते वाचा. आम्ही निवडणूक कार्यालयातून त्याच्या शपथपत्राची नक्कल काढली. गुन्हा क्रमांक, ठाणं, कलम, न्यायालय, सगळं त्याच्याच सहीने होतं. आम्ही तो एक कागद घेऊन चौदा गावांत बचत गटाच्या बैठकांना गेलो. 'बदफैली आहे', 'चारित्र्य वाईट', असा एक शब्द आम्ही वापरला नाही. कलम ३५४ म्हणजे काय एवढंच सांगायचो आणि कागद फिरवायचो. एका गावात एक म्हातारी म्हणाली, "बाई कोन ती?" तिची सून पटकन म्हणाली, "आत्याबाई, कोन का असंना, मानूस कोन ते बघा."

तो हरला. आमच्यामुळे हरला असं मी म्हणणार नाही, त्याच्या पक्षातला एक जण बंडखोरी करून उभा होता, मतं तिकडे गेली. पुन्हा तेच, मतं हलायला जागा होती. २०२४ ला तो दुसऱ्या चिन्हावर उभा राहिला. यावेळी मी त्या बारीक टायपातली जाहिरात शोधून काढली. तिकीट का दिलं, तर 'समाजकार्याची आवड आणि दांडगा जनसंपर्क'. दुसरा उमेदवार का नाही, तर 'इतर इच्छुकांच्या तुलनेत अधिक योग्य'. आम्ही पक्षाच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारलं, इच्छुक कोण होते आणि कमी योग्य कसे? उत्तर आलं नाही. आम्ही विचारायला गेलो तेव्हा अर्ज मागे घ्यायची मुदत संपून तीन दिवस झाले होते. उशीर आमचाच. तो निवडून आला. आता तो आमदार आहे.

आणि खटला अजून उभा आहे. यात एक गोष्ट माहीत असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमात काही गुन्हे असे आहेत की दोषी ठरला की शिक्षा केवढीही असो, पद जातं. त्यात बलात्कार आहे, ४९८ अ आहे. ३५४ नाही. त्याला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच पद जाईल. पावणेदोन वर्षं झाली तर तो विधानसभेत बसून राहील. म्हणून आम्ही सरकारी वकिलांच्या मागे लागलोय की शिक्षेच्या मुद्द्यावर नीट युक्तिवाद तयार ठेवा. आमदार-खासदारांचे खटले आरोप निश्चित झाल्यापासून वर्षात संपवावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. तो कागद आम्ही अर्जाला जोडलाय. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलमांचे आकडे बदललेत, पण आमचा गुन्हा जुना, त्याला जुनंच कलम लागतं. गोंधळू नका.

तिची साक्ष आता लागली आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता. त्याची माणसं कोर्टाच्या आवारात गर्दी करतात, जीपा लावतात, त्यामुळे ती फाटकातून आत येताना आपल्या निदान पंधरा जणी लागतात. घोषणा नाहीत, फलक नाहीत, फक्त तिच्याबरोबर चालायचं आणि संध्याकाळी तिला घरापर्यंत सोडायचं. एसटीचं भाडं संघटनेकडून मिळेल. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या.